बालहृदयाच्या शुश्रूषेसाठी प्रगत सहायक कसे घडवावेत

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या प्रसूतिगृहात आज जन्मलेल्या बालकाच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात मोठे छिद्र असले, तरी जन्मसमयी ते बहुधा कोणाच्याच ध्यानी येत नाही, आणि त्यात कोणाची हयगयही नसते; कारण जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब चढाच राहत असल्यामुळे त्या छिद्रातून फारसे रक्त पलीकडे वाहत नाही, आणि रक्तच वाहिले नाही तर त्याचा ध्वनी स्टेथोस्कोपमधून ऐकू येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हा दाब उतरू लागला, म्हणजे चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास फुप्फुसांकडे जाणारा रक्ताचा लोट वाढतो, बाळ दूध ओढता ओढता मध्येच थांबते, त्याच्या कपाळावर घाम डवरतो, श्वास जलद चालतो, वजनाचा काटा जागचा हलत नाही, आणि घरची वडीलधारी माणसे दृष्ट काढण्याच्या तयारीला लागतात. नेमके याच सुमारास ते बाळ दीड महिन्याच्या लसीसाठी उपकेंद्रात आणले जाते. समोर बसलेल्या परिचारिकेने लस टोचण्यापूर्वी एक पूर्ण मिनिट त्याचे श्वास मोजले, वजनाच्या नोंदी पाहिल्या आणि दूध पाजण्याविषयी आईला दोन प्रश्न विचारले, तर जो रोग एरवी चार-सहा महिने ‘सर्दी’ आणि ‘न्यूमोनिया’ या नावांखाली औषधे खात राहतो, तो त्याच दिवशी ओळखला जाण्याचा संभव असतो. ही मिनिटभर थांबण्याची सवय आणि तिच्यामागची समज माणसाच्या अंगी कशी बाणवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि तो ज्यांनी मनावर घ्यावा अशी माझी इच्छा आहे, ते वाचक म्हणजे एकीकडे परिचर्येची पदवी घेऊन दोन-चार वर्षे वॉर्डात राबलेल्या तरुण सिस्टर व ब्रदर, आणि दुसरीकडे त्यांच्या नेमणुका, रजा व बदल्या ज्यांच्या सहीने होतात ते रुग्णालयांचे अधिकारी.

जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे ८ ते ९ बालकांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, हे प्रमाण जगभर थोड्याफार फरकाने सारखेच आढळते. भारतात या हिशेबाने दरवर्षी दोन लाखांहून अधिक बालके अशा दोषांसह जन्मतात असा जाणकारांचा अंदाज आहे, आणि त्यांतील सुमारे एकपंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया अथवा तत्सम उपचार लागतो. या बालकांचे तज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. कोल्हापुराहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पलीकडे आणि मुंबई पावणेचारशेच्या घरात. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या तालुक्यांतील माणसाला तर कोल्हापुरापेक्षा बेळगावच सोयीचे पडते. तज्ज्ञ आणि बालक यांच्यामधले हे अंतर केवळ रस्त्याचे असते, तर रुग्णवाहिकांची संख्या वाढवून ते मिटले असते. परंतु रोग ओळखण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत आणि शस्त्रक्रियेनंतर मूल शाळेत धावू लागेपर्यंत जी शेकडो लहानमोठी कामे असतात, ती करणारे जाणते हात मधल्या टप्प्यावर नसणे, हे त्या अंतराचे खरे स्वरूप आहे.

हे हात कोणाचे असावेत, याचे उत्तर अन्यत्र साठ वर्षांपूर्वीच शोधले गेले. १९६५ साली अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून बालकांसाठी नर्स प्रॅक्टिशनर घडविण्याचा उपक्रम सुरू केला, आणि त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंट या वर्गाचे शिक्षण आरंभिले. या दोन्ही वर्गांतील व्यक्तींना सोयीसाठी येथे ‘प्रगत सहायक’ म्हणू. त्यांनी रुग्णाची तपासणी करावी, निष्कर्ष मांडावा, ठरलेल्या मर्यादेत उपचार चालवावा आणि मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव दिसताच डॉक्टरांस पाचारण करावे, असा त्यांच्या कामाचा आराखडा आहे. आपल्या देशात ही कल्पना हृदयशस्त्रक्रियेच्याच दालनातून आली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे: चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली फिजिशियन असिस्टंटांचे शिक्षण सुरू केले. पुढे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला, ज्यात बहुतांश काळ रुग्णशय्येजवळच घालवावयाचा असतो; आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्याने फिजिशियन असोसिएट या व्यवसायाची दखल घेतली. बालहृदयविकाराचा खास असा पाठ मात्र यांवर वेगळा चढवावा लागतो, आणि तो चढविण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

परिचारिकेला वा सहायकाला एवढे शिकविणे म्हणजे अर्धे डॉक्टर निर्माण करणे होय, असा आक्षेप ज्येष्ठ मंडळींकडून येतो, आणि तो रुग्णाच्या काळजीपोटी येत असल्यामुळे त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी एका निळसर पडलेल्या बालिकेवर जी शस्त्रक्रिया केली, आणि जिच्यातून जन्मजात निळ्या बालकांच्या उपचाराचे युग सुरू झाले, ती सुचविली होती हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ स्त्रीने. परंतु प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती अनेकदा करून तिचे तंत्र बसविले होते व्हिव्हियन टॉमस या साहाय्यकाने, ज्याच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती, आणि जो त्या दिवशी ब्लेलॉक यांच्या पाठीमागे एका चौरंगावर उभा राहून टाके कसे पडत आहेत हे पाहत व सांगत होता. टॉमस यांचा जाहीर गौरव होण्यास मात्र पुष्कळ वर्षे लागली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. पदवीवाचून माणूस शस्त्रक्रिया करील असा अर्थ यातून काढावयाचा नाही. एकाच विषयावर वर्षानुवर्षे एकाग्र झालेल्या साहाय्यकाचे ज्ञान त्या विषयापुरते किती खोल जाऊ शकते, आणि जाणत्या गुरूने त्याचे ऐकले तर रुग्णाचे किती हित होते, एवढेच त्यातून घ्यावयाचे आहे.

आता निवडीविषयी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला उमेदवारच या कामाला योग्य, असे मानण्याचा शिरस्ता सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. परीक्षेतील गुण अवश्य पाहावेत, परंतु त्याआधी त्या व्यक्तीने लिहिलेली रात्रपाळीची नोंद पाहावी. तीत ‘रुग्ण बरा आहे’ असे मोघम वाक्य आहे, की श्वास किती, लघवी किती, दूध किती घेतले, केव्हा ओकले, हे तपशील वेळेसह आहेत, यावरून उमेदवाराची पारख पुष्कळच होते. दुसरी गोष्ट, जो माणूस ‘मला हे समजले नाही’ असे वरिष्ठांपुढे निःसंकोच म्हणू शकतो, त्याला अग्रक्रम द्यावा. किमान दोन वर्षे नवजात बालकांच्या अथवा बालरोगाच्या कक्षात काम केलेले असावे, कारण निरोगी बालक शेकडो वेळा पाहिल्यावाचून आजारी बालक ओळखता येत नाही.

प्रशिक्षणाचा पहिला टप्पा कोल्हापुरातच व्हावा, आणि तो हृदयविभागात नसावा. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला कोल्हापूरकर सीपीआर म्हणतात आणि जे संस्थानकाळात अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय या नावाने चालत असे, त्यासारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष, नवजात शिशूंचा कक्ष आणि बालरोगाचा बाह्यरुग्ण विभाग ही या शिक्षणाची पहिली पाठशाळा होय. येथे तीन महिने शिकाऊ सहायकाने एकच काम करावे: पाहणे, मोजणे आणि ऐकणे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा; दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० वा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास हे जलद समजावेत. दोन्ही मांड्यांच्या सांध्यांतील नाडी प्रत्येक नवजात बालकात बोटांनी शोधावी, कारण महारोहिणी अरुंद असलेल्या बाळात हाताची नाडी ठणठणीत आणि मांडीची क्षीण असते, आणि हे चिन्ह कोणत्याही यंत्रावाचून सापडते. जन्मानंतर २४ तास उलटले, म्हणजे घरी सोडण्यापूर्वी, उजव्या हातावर आणि एका पायावर पल्स ऑक्सिमीटर लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहावे: कोठेही ९० टक्क्यांच्या खाली आले तर तत्काळ डॉक्टरांस कळवावे, दोन्ही जागी ९५ वा अधिक आणि दोहोंतील अंतर ३ पेक्षा अधिक नसेल तर तूर्त समाधान मानावे, यांच्या मधल्या स्थितीत तासाभराने पुन्हा मोजावे. ‘तूर्त’ हा शब्द मी जाणीवपूर्वक योजला आहे. आरंभी वर्णन केलेले पडद्यातील छिद्र या चाचणीत सापडत नाही, आणि ‘मशीनने पास केले’ म्हणून निर्धास्त झालेली परिचारिका ही चाचणीच न करणाऱ्या परिचारिकेइतकीच धोक्याची ठरू शकते.

कान तयार होण्यास मात्र तीन महिने पुरत नाहीत. शाहू महाराजांच्या दरबारी राहिलेल्या उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतील शिष्यांनी जसे प्रथम दीर्घकाळ समोर बसून केवळ ऐकले, आणि स्वरांतील सूक्ष्म भेद कानात मुरल्यावर मग गायला आरंभ केला, तसेच हृदयध्वनींचेही आहे. निरोगी बालकाचा पहिला व दुसरा ध्वनी, त्यांमधली शांतता, ज्वर असताना ऐकू येणारी निरुपद्रवी मर्मर आणि दोषाची मर्मर यांतील भेद पुस्तकातून कळत नाही. यासाठी एक साधी पद्धत सुचवितो. शिकाऊ सहायकाने बालक ऐकावे, आपले मत नोंदवहीत शाईने लिहावे, नंतर त्याच बालकास गुरूने ऐकावे, आणि शेवटी टू-डी इकोचा निष्कर्ष त्याच पानावर चिकटवावा. इको पाहून मग ऐकले, तर कान इकोच्या हुकमतीखाली जातो आणि काहीच शिकत नाही. अशी दोनशे पाने भरलेली वही हाच माझ्या मते पहिल्या टप्प्याचा खरा दाखला होय.

दुसरा टप्पा कोल्हापुराबाहेरचा. जेथे बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया नित्य होतात अशा केंद्रात किमान सहा महिने, आणि तेही पगारी प्रतिनियुक्तीवर, सहायकास पाठविले पाहिजे. मुंबईत परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे, नवी मुंबईत खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी संस्थेचे विनामूल्य बालहृदय केंद्र आहे, जेथे उपचाराबरोबर बालहृदय-कौशल्यांचे प्रशिक्षण हेही घोषित कार्य आहे. अशा ठिकाणी काय शिकावयाचे, याची यादी जाण्यापूर्वीच तयार असावी, अन्यथा सहा महिने तेथील मनुष्यबळाची तूट भरून काढण्यात निघून जातात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ६ ते १८ तासांत हृदयाची शक्ती स्वभावतःच उतरते; त्या काळात हातपाय थंड पडणे, दर तासाची लघवी कमी होणे, नाडी चढत जाणे आणि रक्तातील लॅक्टेट वाढणे या खुणा रक्तदाब कोसळण्याच्या आधी दिसू लागतात, आणि त्या क्रमाने ओळखणे हे तेथे शिकावे. छातीतील नळीतून येणारे रक्त एकाएकी थांबले, तर नवशिक्यास तो रक्तस्राव थांबल्याचा शुभसंकेत वाटतो. परंतु त्याच वेळी शिरांतील दाब चढत असेल आणि रक्तदाब उतरत असेल, तर नळी तुंबून हृदयाभोवती रक्त साचत आहे असे समजून तत्क्षणी शल्यविशारदास बोलवावे लागते. हा एक धडा प्रत्यक्ष पलंगाजवळ शिकलेला माणूस तो जन्मभर विसरत नाही, आणि वर्गात ऐकलेला माणूस तो परीक्षेनंतर विसरतो.

औषधांच्या मोजमापाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बालहृदयाच्या शुश्रूषेतील घातक चुका बहुधा येथेच घडतात. डिगॉक्सिन हे औषध बालकांसाठी पातळ स्वरूपात मिळते, आणि सामान्यतः त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम औषध असते. डॉक्टरांनी एका वेळेस २० मायक्रोग्रॅम लिहिले असेल, तर ते ०.४ मिलिलिटर होते. दशांशचिन्ह वाचण्यात चुकले आणि ४ मिलिलिटर दिले गेले, तर बालकाच्या पोटात दहापट औषध जाते, आणि हे औषध इतके नाजूक आहे की त्याचा हितकारक व विषारी मात्रांमधील पल्ला अत्यंत अरुंद असतो. म्हणून दोन व्यक्तींनी हिशेब करावा, आणि दुसऱ्याने पहिल्याचा कागद न पाहता करावा; पहिल्याने केलेल्या हिशेबाखाली नुसती सही करणे म्हणजे तपासणी होत नाही. घरी देण्यासाठी औषध दिले, तर आईच्या हाती चमचा देऊ नये, एक मिलिलिटरची सिरिंज द्यावी, तिच्यावर ठरलेल्या रेषेपाशी रंगीत पट्टी चिकटवावी, आणि आईने आपल्यासमोर पाण्याने तीनदा मोजून दाखविल्यावाचून तिला घरी सोडू नये. उलट्या होऊ लागल्या अथवा नाडी मंदावली, तर पुढची मात्रा थांबवून आधी फोन करावा, हेही तिला मराठीत लिहून द्यावे. लघवी वाढविणाऱ्या औषधाने पोटॅशियम उतरते आणि पोटॅशियम उतरले म्हणजे डिगॉक्सिन अधिक विषारी होते, हा दुवा सहायकाच्या जिभेवर असला पाहिजे.

तिसरा टप्पा परतल्यानंतरचा, आणि खरे कौशल्य येथेच कसास लागते, कारण मोठ्या केंद्रात हाकेच्या अंतरावर असलेला तज्ज्ञ आता टेलिफोनच्या पलीकडे असतो. काही बालकांचे रक्ताभिसरण गर्भावस्थेतील एका वाहिनीवर अवलंबून असते, आणि ती वाहिनी जन्मानंतर काही दिवसांत मिटू लागली की बाळ एकाएकी काळेनिळे वा पांढरेफटक पडते. ती वाहिनी उघडी ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे औषध शिरेतून सतत चालवितात. परंतु त्या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून अशा बालकाबरोबर रुग्णवाहिकेत जाणाऱ्याच्या हातात श्वास देण्याची पिशवी व मास्क तयार असावे लागतात आणि ती वापरण्याचा सराव असावा लागतो. प्रवासाची पूर्वतयारी हा कोल्हापुरात तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता, हे येथील कोणीही विसरलेले नाही; तेव्हा जून उजाडण्यापूर्वी प्रत्येक गंभीर बालकाच्या कागदावर ‘महामार्ग बंद असल्यास कोठे व कोणत्या वाटेने’ ही ओळ भरून ठेवणे हे प्रगत सहायकाचे काम समजावे. ज्या बालकाची शस्त्रक्रिया ठरलेलीच आहे आणि जे शाहूवाडी वा गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या तालुक्यात राहते, त्याची तारीख शक्य तर मे महिन्याच्या आत घ्यावी, अशी विनंती केंद्रास आधीच करावी.

परत आलेल्या बालकाचा पाठपुरावा हे या सर्व प्रशिक्षणाचे प्रयोजन म्हटले तरी चालेल. हृदयाचा खालचा एकच कप्पा काम करत असलेल्या बालकांच्या पहिल्या व दुसऱ्या शस्त्रक्रियांमधील महिने किती धोक्याचे असतात, हे ओळखून अमेरिकेतील केंद्रांनी घरी रोज वजन आणि प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची पद्धत सुरू केली: प्राणवायू ७५ टक्क्यांखाली गेला, वजन एका दिवसात ३० ग्रॅम घटले, अथवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढले नाही, तर तत्काळ कळवावयाचे, आणि हे रोजचे आकडे ऐकणारी व्यक्ती पुष्कळ ठिकाणी नर्स प्रॅक्टिशनरच असते. आपल्याकडे केरळ राज्याने २०१७ पासून ‘हृद्यम’ या योजनेखाली जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांची एकत्र नोंद ठेवून त्यांना निकडीनुसार केंद्रांकडे पाठविण्याची व्यवस्था बसविली. महाराष्ट्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, ज्याचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. पथकांनी शोधलेले मूल आणि मोठ्या शहरातील केंद्र यांच्यामध्ये मात्र त्या मुलाला नावाने ओळखणारी एक व्यक्ती हवी असते. आपल्या भागात पहिले बाळंतपण माहेरी होते; बाळाची नोंद माहेरच्या तालुक्यात होते आणि तिसऱ्या महिन्यात ते सासरी, दुसऱ्या तालुक्यात वा कर्नाटकात, जाते, आणि दोन्हीकडच्या वह्यांत ते ‘दुसरीकडे गेले’ म्हणून बंद होते. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या कुटुंबांची मुले तर कोणाच्याच वहीत नसतात. म्हणून पहिल्याच भेटीत माहेर आणि सासर या दोन्ही घरांचे दूरध्वनी क्रमांक, दोन्ही गावांच्या आशाताईंची नावे आणि मुकादमाचा क्रमांक लिहून घेण्याची शिस्त शिकाऊ सहायकास लावावी. सांधेज्वरातून हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्यांची वही वेगळी ठेवावी, आणि एकवीस दिवस उलटून मूल आले नाही तर बाविसाव्या दिवशी घरी माणूस पाठवावा.

आईबापांशी बोलणे हेही शिकवावेच लागते, ते आपोआप येते असे मानू नये. बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे कळताच घरात पहिला आरोप आईवर येतो: ग्रहणात विळी धरली, पथ्य पाळले नाही, असे शब्द तिला ऐकावे लागतात. सहायकाने पहिल्याच भेटीत सासू, सासरे आणि पती यांच्या समक्ष, आवाज न चढविता परंतु निःसंदिग्धपणे सांगावे की हा दोष आईच्या कोणत्याही वागण्याने झालेला नाही. नात्यात लग्न झाले आहे काय, हा प्रश्न रोगाच्या इतिहासासाठी आवश्यक असला, तरी तो त्या बैठकीत विचारू नये, पुढे एकांतात विचारावा. पैशांविषयी बोलण्यासही संकोचू नये. शिधापत्रिकेवरील नाव आणि बाळाच्या जन्मदाखल्यावरील नाव यांत फरक असल्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी अडून राहते आणि ठरलेली तारीख हुकते, तेव्हा हे कागद शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी आरोग्यमित्राकडून तपासून घेणे हा उपचाराचाच भाग समजावा. टेट्रॅलॉजी नावाचा दोष असलेले मूल रडता रडता एकाएकी गडद निळे पडले, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून आईने त्याला पोटाशी धरावे आणि तशाच स्थितीत रुग्णालय गाठावे, एवढे प्रत्येक आईला करून दाखवावे. हे शिकायला तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. औषध लिहून देण्याचा अधिकार आजच्या घटकेस नोंदणीकृत वैद्यकाचा आहे, आणि त्यास बाध आणण्याची गरज नाही. प्रत्येक टप्प्यावर सहायक काय आपण होऊन करील, काय करून लगेच कळवील आणि काय विचारल्यावाचून करणार नाही, याचा लेखी जाबता जबाबदार डॉक्टरांच्या नावाने, सहीने व तारखेने काढावा, तो दरवर्षी तपासावा, आणि त्याची प्रत वॉर्डातील भिंतीवर लावावी. तोंडी मुखत्यारी ही दोघांनाही घातक आहे. बरे झाले तर कोणाला त्याचे श्रेय नाही, आणि वाईट झाले तर सर्वांत खालच्या पायरीवरील माणसावर ठपका येतो. मध्यरात्री शंकेपोटी केलेल्या फोनबद्दल कोणालाही बोल लावला जाणार नाही, हे वाक्यही त्या जाबत्यात असावे. दरमहा एकदा, गमावलेल्या आणि उशिरा सापडलेल्या प्रत्येक बालकाचे कागद सर्वांनी मिळून वाचावेत. त्या बैठकीत प्रथम सहायकाने बोलावे आणि शेवटी विभागप्रमुखाने, म्हणजे कनिष्ठांची जीभ मोकळी राहते.

एवढे सारे करून घडविलेली व्यक्ती वर्षभरात नेत्रविभागात वा अस्थिविभागात रुजू होण्याचा हुकूम घेऊन निघून गेली, तर तिच्यावर खर्च झालेली दीड-दोन वर्षे आणि तिच्या वहीतील प्रत्येक मूल वाऱ्यावर पडते. सर्वसाधारण परिचारिकांसाठी आखलेले फेरबदलीचे नियम या थोड्या व्यक्तींना लावू नयेत. त्यांना वेगळा हुद्दा आणि त्याला साजेसा भत्ता द्यावा, किमान पाच वर्षे त्याच कामावर ठेवावे, आणि त्या मुदतीत त्यांनी आपल्यामागून येणाऱ्या दोघांना शिकवावे अशी अट घालावी. ज्यांच्या हाती हे आहे त्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की येत्या उन्हाळ्यातील बदल्यांच्या यादीवर सही करण्यापूर्वी त्यांनी बालरोग विभागाच्या प्रमुखास बोलावून घ्यावे, या कामासाठी निवडावयाची दोन नावे विचारावीत, आणि ती यादीतून काढून त्यांच्या मुंबईच्या प्रतिनियुक्तीचा कागद त्याच दिवशी मंजूर करावा.